धुतलेला चेहरा

शास्त्रभाग : उत्पत्ती ४२:२१-२४, ४३:२९-३१, ४५:१-१५, ५०:१५-२१



मिसर देशाच्या प्रधानाच्या वाड्यात भोजनाची तयारी झाली आहे. कनान देशातून धान्यासाठी आलेले अकरा भाऊ बिचकत उभे आहेत. प्रधान आत येतो. सर्वांत धाकट्याकडे त्याची दृष्टी जाते. त्याला आशीर्वादाचे दोन शब्द तो बोलतो आणि एकाएकी लगबगीने आतल्या खोलीत निघून जातो. तेथे तो एकटाच रडतो. मग तोंड धुतो, मन आवरतो, पुन्हा बाहेर येतो आणि वाढप सुरू करण्यास सांगतो. आत काय घडले, हे पंक्तीला बसलेल्या कोणालाही कळत नाही.

योसेफाची कथा आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. तो झगा, तो खड्डा, ती स्वप्ने आणि शेवटी तो प्रधानाचा मान, हे सारे आपल्याला पाठ आहे. परंतु या साऱ्यांच्या मध्ये असलेला तो ओला चेहरा सहसा आपल्या नजरेतून निसटतो. आज आपण त्या आतल्या खोलीच्या दाराशी क्षणभर थांबू या. कारण आपल्या घरांत आणि आपल्या मंडळ्यांत असे कितीतरी जण आहेत, जे रोज तोंड धुऊन पंक्तीला येऊन बसतात. त्यांच्या बालपणी काय घडले हे आपण विचारलेले नसते, आणि त्यांनीही सांगितलेले नसते.

१. न ऐकलेली हाक

योसेफाचे घर आशीर्वादाचे होते, पण सुखाचे नव्हते. एका पुरुषाच्या दोन बायका, त्याही सख्ख्या बहिणी, आणि त्यांच्या दोन दासी. या चार आयांच्या चढाओढीत बारा मुलगे वाढत होते. योसेफाची आई राहेल बन्यामिनाला जन्म देताना बेथलेहेमच्या वाटेवर वारली. बाप जिवंत होता, त्याची मायाही होती. पण ती माया पक्षपाती होती, आणि तिने योसेफाचे जितके रक्षण केले तितकेच त्याला भावांच्या द्वेषाचे लक्ष्यही केले. भाऊ त्याच्याशी सरळ बोलतही नसत, असे शास्त्र सांगते. सतरा वर्षांचा असताना भावांनी त्याला कोरड्या खड्ड्यात टाकले आणि वीस रुपयांना विकले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. सदतिसाव्या अध्यायात खड्ड्यातील योसेफाच्या तोंडी एक शब्दही नाही. भाऊ शिदोरी सोडून जेवायला बसले, एवढेच तेथे लिहिले आहे. तो काय म्हणाला हे आपल्याला कळते ते बेचाळिसाव्या अध्यायात, वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. संकटात सापडलेले भाऊ एकमेकांना म्हणतात की, तो आपल्याला काकुळतीने विनवीत होता, त्याच्या जिवाचा तडफडाट आपण पाहत होतो, तरी आपण ऐकले नाही. लेकराची हाक खड्ड्याच्या काठावर बसलेल्यांनी ऐकली होती. त्यांनी ती ऐकूनही ऐकली नाही.

बालपणीची ही न ऐकलेली हाक कोठे जाते? ती विरून जात नाही. अमेरिकेत सॅन डिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले. घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाला होता काय, सतत अपमान होत होता काय, आईला कोणी मारीत होते काय, घरात कोणी दारूच्या आहारी गेलेले, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेले होते काय? या अभ्यासाचा अहवाल १९९८ साली प्रसिद्ध झाला. अशा आघातांचे प्रकार ज्याच्या बालपणी जितके अधिक, तितके पुढे त्याच्या आयुष्यात नैराश्य, दारूचे व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न, इतकेच नव्हे तर हृदयविकारही, यांचे प्रमाण अधिक आढळले. चाळिशीत छातीत कळ येऊन दवाखान्यात गेलेल्या माणसाला, सातव्या वर्षी त्याच्या घरी काय घडत होते, हे विचारणारे थोडेच असतात.

याचे कारणही आता पुष्कळ अंशी समजले आहे. आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग आहे. संकट दिसताच तो धोक्याची घंटा वाजवितो. कपाळामागचा भाग त्या घंटेला विचारतो की खरेच संकट आहे काय, आणि नसल्यास ती शांत करतो. परंतु कपाळामागचा हा भाग पक्व होण्यास विशी ओलांडावी लागते. ज्या लेकराच्या घरी बापाची पावले ओट्यावर वाजली की रोज संकट खरेच आत येते, त्याची घंटा लहानपणापासून तरबेज होते. ती मोठेपणीही वाजत राहते. दार जोराने आपटले, वरिष्ठाने आवाज चढविला, पत्नीने एखादा प्रश्न जरा तुटकपणे विचारला, की ती वाजते. मग माणूस संतापतो, किंवा थिजतो, किंवा उठून निघून जातो. लोक म्हणतात, याचा स्वभावच असा. स्वभाव म्हणून ज्याला आपण नाव ठेवतो, त्यात कितीदा तरी एका लेकराची जुनी भीती असते.

२. विसरलो, असे म्हणणारा

मिसरात योसेफाने तेरा वर्षे दास्यात आणि तुरुंगात काढली. तिसाव्या वर्षी तो फारोपुढे उभा राहिला. त्याला मान मिळाला, पत्नी मिळाली, पुत्र झाला. त्याने थोरल्याचे नाव मनश्शे ठेवले. माझे कष्ट आणि माझ्या बापाचे घर यांचा देवाने मला विसर पाडला, असा त्या नावाचा अर्थ त्याने सांगितला.

वाचकहो, जो खरोखर विसरला आहे तो आपल्या मुलाला विसरण्याचे नाव देत नाही. मिसरी वाड्यात, मिसरी पत्नीच्या शेजारी, त्याने आपल्या बापाच्या भाषेतील नाव निवडले आणि दिवसातून दहा वेळा तो स्वतःलाच हाक मारून सांगत राहिला की मी विसरलो आहे. यात ढोंग नव्हते. जखम झाकल्यावाचून चालणे शक्य नव्हते, म्हणून ती त्याने झाकली. देवाने त्याला तेवढी झाकण्याची मुभा दिली, हीदेखील कृपाच. दुसऱ्या पुत्राचे नाव मात्र त्याने एफ्राईम ठेवले. माझ्या विपत्तीच्या देशात देवाने मला फलद्रूप केले, असे तो म्हणाला. त्या घटकेला तो प्रधान होता, सोन्याची साखळी त्याच्या गळ्यात होती, तरी त्या देशाला तो विपत्तीचाच देश म्हणतो. पहिल्या मुलाच्या वेळी विसरलेले दुःख दुसऱ्याच्या वेळी आपले नाव घेऊन परत आले.

आणखी एक गोष्ट पाहा. खड्ड्यातील काकुळती सोडली, तर पोटीफराच्या घरी किंवा तुरुंगात योसेफ रडल्याचा उल्लेख नाही. त्याचे अश्रू लिहिले गेले आहेत ते नंतरचे. भाऊ आपसांत बोलत असता तो बाजूला जाऊन रडला. बन्यामिनाला पाहून आतल्या खोलीत रडला. ओळख देताना मोठ्याने रडला. बापाच्या गळ्यात पडून रडला. बापाच्या मृत मुखावर रडला. आणि भावांनी क्षमा मागितली तेव्हाही रडला. किमान सहा प्रसंग, आणि सारे वैभवाच्या काळातील. बंदिवासात ज्याच्या डोळ्यांत पाणी दिसत नाही, तो सिंहासनाजवळ पुन्हापुन्हा रडतो. कारण जगण्याची धडपड चालू असते तोवर पुष्कळांना रडणे परवडत नाही. सुरक्षितता लाभल्यावरच अश्रू धीर करून बाहेर येतात. म्हणून, आता सारे ठीक असताना हे का आठवते, असे म्हणून कोणा दुःखिताला दटावू नका. सारे ठीक आहे, म्हणूनच ते आठवते.

३. आवरणे आणि दडपणे

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

तरुणपणी मी एका लहान गावातील मुलांच्या बोर्डिंगात शिक्षक होतो. एका जूनमध्ये तिसरीतला एक मुलगा दाखल झाला. आई नुकतीच वारली होती. बाप दारूत बुडालेला. पत्र्याची एक पेटी आणि आईच्या लुगड्यांची एक गोधडी, एवढेच त्याचे सामान. मुलगा रडला नाही. इतर नवी मुले आठ-आठ दिवस रडत. हा मुकाट्याने ताट घासून ठेवी. मी कौतुकाने सर्वांना सांगे, किती धीराचे लेकरू! ऑगस्टमध्ये कोणी तरी गंमत म्हणून त्याची गोधडी ओढली. त्याने हातातील पाटी त्या मुलाच्या कपाळावर मारली. रक्त आले. मी त्याला संध्याकाळच्या प्रार्थनेत सर्वांसमोर गुडघ्यांवर उभे केले आणि रागाविषयीचे एक वचन पाठ करावयास लावले. त्याने ते एकही चूक न करता म्हणून दाखविले. त्याच्या आवाजात काहीच नव्हते. मला वाटले, धडा शिकला.

त्या रात्री स्वयंपाकघरात उजेड दिसला म्हणून मी डोकावलो. स्वयंपाक करणाऱ्या मावशी सूप घेऊन तांदूळ निवडीत बसल्या होत्या. शेजारी तो मुलगा गोधडी पांघरून हुंदके देत होता. मावशी काहीच बोलत नव्हत्या. मधूनच सूप त्याच्याकडे सरकवीत. तो दोन खडे वेचून बाजूला टाकी आणि पुन्हा रडू लागे. सकाळी मी मावशींना म्हणालो, “मावशी, अशाने मूल लाडावतं.” त्या म्हणाल्या, “सर, पोर रडलं, बरं झालं. मी जूनपासनं वाट बघत होते.”

मला पवित्र शास्त्रातील वचने ठाऊक होती. मावशींना लेकरू ठाऊक होते.

भावना आवरणे आणि भावना दडपणे यांतील भेद मला त्या दिवशी प्रथम कळला. १९९० च्या दशकात जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने याचा पद्धतशीर अभ्यास केला. मन हेलावणारे चित्रपट दाखवून काही जणांना सांगितले होते की चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका. त्यांचे चेहरे शांत राहिले. परंतु आतील दुःख कमी झाले नाही आणि शरीरावरील ताण उलट वाढला. दडपलेली भावना जात नाही. ती चेहऱ्यावरून खाली उतरून शरीरात बिऱ्हाड करते. आणि एके दिवशी पाटी उचलते.

योसेफाने त्या खोलीत काय केले हे आता पुन्हा पाहा. त्याने भावना दडपली नाही, तो रडला. तिच्या स्वाधीनही झाला नाही. तोंड धुऊन बाहेर आला. रडण्यास जागा मिळाली म्हणून त्याला आवरता आले. आणि बाहेर येणे हे आत जाण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आपल्यापैकी काही जण आत जातच नाहीत, तर काही जण एकदा आत गेले की वर्षानुवर्षे बाहेर येत नाहीत.

मात्र योसेफाला आपण देवदूत करू नये. शास्त्रानेही केलेले नाही. त्याने भावांशी कठोर भाषण केले, त्यांना तीन दिवस कोठडीत ठेवले, शिमोनाला बांधून घेतले, बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपविला. या कृत्यांत त्याची सावधगिरी होती, तसा जुना सलही असावा. भाऊ बदलले आहेत काय, की राहेलच्या दुसऱ्या मुलालाही ते असेच टाकून जातील, हे त्याला पाहायचे होते. यहूदा बन्यामिनाऐवजी स्वतः दास होण्यास पुढे झाला, तेव्हाच योसेफाचा बांध फुटला. जखमी माणूस विश्वास टाकण्याआधी पारख करतो. त्याला आपण अविश्वासू ठरवू नये. क्षमा करणे म्हणजे ज्याने खड्ड्यात टाकले त्याच्या हाती पुन्हा दोरी देणे नव्हे.

४. कोणाच्या कडेवर?

काही लेकरे मोडतात आणि काही तगतात, असे का होते? दुःखच माणसाला कणखर करते, असे आपण सहज बोलून जातो. ते खरे नाही. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे व्यसन वा मनोविकार अशी अनेक संकटे एकदमच ज्यांच्या वाट्याला आली, त्यांपैकी दोन-तृतीयांश मुले पुढे अडचणीत सापडली. सुमारे एक-तृतीयांश मात्र समर्थ आणि प्रेमळ माणसे झाली. त्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार आढळली. घरात किंवा घराबाहेर, निदान एक तरी स्थिर, मायेचे मोठे माणूस त्यांना लाभले होते. कोणाची आजी, कोणाची शेजारीण, कोणाचे शिक्षक. आणि ज्यांची सुरुवात बिघडली होती, त्यांपैकीही पुष्कळ जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. कोणी शिक्षणाने, कोणी चांगल्या जोडीदारामुळे, तर कोणी श्रद्धावंतांच्या संगतीत. उशीर झाला म्हणजे दार बंद झाले, असे नाही.

तान्हे मूल स्वतःला शांत करू शकत नाही. आई त्याला उचलते, तिच्या श्वासाच्या लयीने त्याचा श्वास संथ होतो. आधी ते आईची शांती उसनी घेते. हजार वेळा उसनी घेतल्यावर ती त्याची स्वतःची होते. स्तोत्रकर्त्याने एकशे एकतिसाव्या स्तोत्रात हेच चित्र घेतले आहे. आईजवळ निवांत असलेल्या, दूध तुटलेल्या बाळकाप्रमाणे माझा जीव मी शांत केला आहे, अशा अर्थाचे तो बोलतो. जो कधी मांडीवर शांत झाला नाही, त्याला शांत राहा असे नुसते सांगून काय उपयोग? आणि होशेय संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायात देव स्वतःविषयी काय सांगतो? एफ्राइमाला चालावयास मीच शिकविले, मी त्याला हातांवर घेतले. विपत्तीच्या देशात जन्मलेल्या त्या मुलाचेच हे नाव. त्याच्या वंशजांना देव आईबापाप्रमाणे कडेवर घेतो.

योसेफाला तगवून धरले कोणी? पोटीफराच्या घरी आणि तुरुंगातही परमेश्वर त्याच्याबरोबर होता, असे शास्त्र पुन्हापुन्हा सांगते. ही सोबत अधांतरी नव्हती. बंदिशाळेच्या अधिकाऱ्याच्या मनात परमेश्वराने दया उत्पन्न केली. देवाची दया त्या अंधारात एका माणसाच्या नजरेतून योसेफापर्यंत पोहोचली. मावशींच्या सुपातूनही ती तशीच एका लेकरापर्यंत पोहोचली.

५. आधी अश्रू, मग अर्थ

भावांनी वाईट योजिले, पण देवाने त्यातून चांगले घडविले. योसेफाची ही कबुली आपल्याला फार प्रिय आहे. आपण ती प्रेतयात्रेत, दवाखान्यात, दुःखाच्या प्रत्येक प्रसंगी वापरतो. पण ती कोण बोलतो आणि केव्हा बोलतो, हे आपण पाहत नाही.

योसेफ सतरा वर्षांचा असताना विकला गेला. सात सुकाळाची आणि दोन दुष्काळाची वर्षे उलटल्यावर त्याने भावांना ओळख दिली, तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. देवाने मला तुमच्यापुढे पाठविले, हे तो त्या दिवशी प्रथम बोलला. म्हणजे बावीस वर्षांनी, आणि तेही सर्वांना बाहेर घालवून, वाड्याबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडून झाल्यावर. याकोब त्यानंतर मिसरात सतरा वर्षे जगला. त्याच्या मृत्यूनंतर, भाऊ पुन्हा भयभीत झाले तेव्हा, योसेफाने ती कबुली पूर्ण शब्दांत दिली. खड्ड्यापासून त्या वाक्यापर्यंत सुमारे एकोणचाळीस वर्षांची वाट होती.

म्हणून एक विनंती. ती कबुली जखमी माणसाने द्यावयाची आहे. काठावर बसलेल्यांनी ती त्याला ऐकवावयाची नाही. भावांपैकी कोणी खड्ड्यात वाकून म्हणाला असता की, योसेफा, देव यातून चांगलेच करील, तर ते शब्द सत्य असूनही क्रूर ठरले असते. खड्ड्यात असलेल्याला आधी दोर हवा असतो. वर आल्यावर त्याला पाणी हवे असते. मग कोणी ऐकणारे हवे असते. अर्थ त्याला देवच दाखवील, त्याच्या वेळी.

आणि जेव्हा तो अर्थ सापडतो, तेव्हा काय होते ते पाहा. मी काय देवाच्या ठिकाणी आहे, असे विचारून योसेफ सूड आपल्या हातातून सोडून देतो. मग तो भावांना धीर देतो, त्यांच्या लेकराबाळांचा सांभाळ करण्याचे वचन देतो. ज्याच्याशी भाऊ कधी सरळ बोलले नव्हते, तो त्यांच्याशी मायेने बोलतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चढाओढ त्या घरात त्या दिवशी थांबली.

६. आपल्याला काय करावयाचे आहे?

पहिला शब्द आईबापांना. पौलाने इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिताना बापांना ताकीद दिली आहे की मुलांना चिरडीस आणू नका, त्यांचे मन खचू देऊ नका. शिस्त हवी, पण रागाच्या भरात उचललेल्या हाताला शिस्त म्हणू नये. हात उचलला गेला असेल, तर मुलापुढे बसून, माझे चुकले, असे म्हणण्याची लाज धरू नका. बापाने मागितलेली क्षमा मूल जन्मभर विसरत नाही.

दुसरा शब्द मंडळीला. आपल्या शब्बाथ शाळेत, बोर्डिंगात, तरुण संघात असे एखादे मूल आहे, जे फार शहाणे आहे किंवा फार द्वाड आहे. दोघांकडेही लक्ष द्या. आणि एखाद्या लेकराने कोणा मोठ्या माणसाविषयी काही भयंकर सांगितले, तर मंडळीच्या अब्रूसाठी त्याला गप्प करू नका. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. खड्ड्याच्या काठावर शिदोरी खात बसणे हे पाप शास्त्राने विसरू दिलेले नाही.

तिसरा शब्द तुम्हाला, ज्यांनी हे वाचताना आपल्याच घराचा ओटा आठवला. तुम्ही कदाचित आपले गाव सोडून दूर इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला येऊन संसार थाटला असेल. अंतराने पुष्कळ गोष्टी मागे पडतात. ती घंटा मात्र सामानाबरोबर येते. तुमचा राग किंवा तुमचे थिजणे हा तुमच्या विश्वासाचा पराभव नव्हे. विश्वासू मित्राजवळ, पाळकाजवळ, गरज असल्यास मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांजवळ मन उघडा. देवाने वैद्य लूकालाही शुभवर्तमान लिहावयास निवडले.

आपल्याच मातीतील एक साक्ष आठवा. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. किशोरवयात दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेली. भावाबरोबर त्या अनवाणी, उपाशी, देशभर भटकल्या. पुढे तो भाऊही गेला, विवाहानंतर दोन वर्षांतच पतीही गेला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने सुकलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आश्रय दिला. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. स्वतःच्या उपासमारीच्या आठवणी त्यांनी लपविल्या नाहीत, लिहून ठेवल्या. ज्या भुकेने त्यांना पोरके केले, तिच्याच ओळखीने त्यांनी दुसऱ्यांची भूक ओळखली. विपत्तीच्या देशात फलद्रूप होणे ते हेच.

आणि तो तिसरीतला मुलगा? काही वर्षांपूर्वी एका लग्नात तो मला भेटला. केस पिकू लागले होते. म्हणाला, “सर, तुम्ही पाठ करून घेतलेलं वचन मला अजून येतं. पण राग आला की मला मावशींचं सूप आठवतं.” मग जरा थांबून म्हणाला, “पोरावर हात उचलावासा वाटला की मी गच्चीवर जातो. शांत झालो की खाली येतो. वर जायला लवकर शिकलो. खाली यायला मात्र फार वर्षं लागली.” मी त्याची क्षमा मागितली. तो हसला, आणि त्याने डोळे पुसले. मीही पुसले.

शेवटी आपल्या प्रभूकडे पाहू या. राहेल ज्या बेथलेहेमच्या वाटेवर वारली, त्याच बेथलेहेमात तो जन्मला. हेरोदाच्या तलवारीपासून वाचविण्यासाठी त्याच्या आईबापांनी रात्रीच त्याला उचलले आणि योसेफाच्याच त्या मिसर देशात नेले. आपला तारणारा निर्वासित लेकरू म्हणून वाढला. लाजराच्या कबरेजवळ तो रडला. देहात असताना त्याने मोठ्या आक्रोशाने आणि आसवे गाळून प्रार्थना केली, असे इब्री लोकांस पत्रात सांगितले आहे. गेथशेमाने बागेत त्याने शिष्यांना सांगितले की माझा जीव अति खिन्न आहे, आणि आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंती केली. प्रार्थना करून तो उठला आणि सामोरा गेला. त्याच्याजवळ जाण्यासाठी चेहरा धुण्याची गरज नाही. ओलाच घेऊन जा.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आमच्या बालपणीच्या ज्या हाका कोणी ऐकल्या नाहीत, त्या तू ऐकल्यास. आम्हाला रडण्यास जागा दे, आणि पुन्हा पंक्तीला येण्यास बळ दे. आमच्या हातून ज्या लेकरांची मने दुखावली, त्यांची क्षमा मागण्याची नम्रता आम्हाला दे. आमच्या घरात आणि मंडळीत एकही मूल खड्ड्यात एकटे राहू नये, म्हणून आमचे कान उघड. ज्याने आमच्यासाठी आसवे गाळली, त्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.